नावेचा कर्ता

कार्य आहे त्या अर्थी कर्ता असलाच पाहिजे, हा न्यायदर्शनाचा ईश्वरसिद्धीचा सर्वांत प्रसिद्ध आधार आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या बाजूने जी अनुमाने मांडली, त्यांत हे अनुमान आरंभीच येते. घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार आहे. पृथ्वी आणि अंकुर हीही कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. घटाचा दृष्टांत वादीच्या सोयीचा होता. घट एक माणूस एका बैठकीत घडवतो, आणि तो बिघडला तर ते भाजताना किंवा पाणी भरताना लगेच कळते. नावेचे तसे नाही. ती अनेकांच्या हातून घडते, घडल्यावर पाण्यात जाते, आणि बरी की वाईट हे कधी कधी तिसऱ्या पावसाळ्यात ठरते. घटाच्या जागी नाव ठेवली की कर्त्याचा प्रश्न बराच अवघड होतो.

न्यायमताने कर्ता म्हणजे नुसता हात चालवणारा नव्हे. ज्या द्रव्यातून वस्तू घडायची त्याचे प्रत्यक्ष ज्ञान, ती घडवण्याची इच्छा आणि त्या इच्छेप्रमाणे प्रयत्न, ही तिन्ही ज्याच्या ठायी एकत्र असतील तो कर्ता. कोकणातल्या गलबताला ही व्याख्या लावून पाहिली तर या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या दिसतात. लाकडाचे ज्ञान सुताराला असते. इच्छा नाखव्याची, कारण पैसा त्याचा. पाण्याचे ज्ञान तांडेलाला, आणि सुतार व नाखवा हे दोघेही त्याला विचारूनच पुढे जातात. शिवाय पाणी हे नावेचे उपादान नाहीच. नाव पाण्याची बनलेली नसते. तरीही तिचा आकार ठरवण्यात सागवानापेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. हा चौथा घटक व्याख्येत कुठेच बसत नाही.

युरोपात याच अडचणीवर डेव्हिड ह्यूमने बोट ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नैसर्गिक धर्मावरील संवादांत एक पात्र असे सुचवते, की जहाज पाहून ते बांधणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते खरे. पण चौकशी केली तर तो सुतार बहुधा सामान्य वकुबाचा निघेल. त्याने दुसऱ्याची नक्कल केलेली असेल, आणि ज्याची नक्कल केली ती कला कित्येक पिढ्यांच्या चुका, दुरुस्त्या आणि वादांतून हळूहळू सुधारत आलेली असेल. 1908 मध्ये आलँ या फ्रेंच लेखकाने ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या ग्रुआ बेटावरील मच्छीमार होड्यांबद्दल हेच आणखी धारदारपणे मांडले. प्रत्येक होडी दुसऱ्या होडीची नक्कल असते. वाईट बांधलेली होडी एकदोन फेऱ्यांत तळाला जाते, म्हणून तिची नक्कल कोणी करत नाही. तेव्हा होड्या घडवतो तो समुद्रच, असे त्याचे म्हणणे. ह्यूमने कर्त्याची बुद्धी कमी केली होती. आलँने कर्त्यालाच बाजूला सारले.

हा वाद कागदावर सोडवण्यापेक्षा एखाद्या पाण्यावर नेऊन पाहणे बरे. शहाडजवळची उल्हास नदी त्यासाठी सोयीची आहे, कारण इथे एकाच नदीची दोन वेगळी पाणी भेटतात. राजमाचीच्या डोंगररांगेतून निघालेली ही नदी कर्जत, बदलापूर असे करत मोहने-शहाडच्या परिसरात येते. मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वर गोडे पाणी आहे. खाली भरती-ओहोटी चालते आणि नदीची खाडी होते. वरच्या पाण्याला शहरांची तहान आणि कारखान्यांची गरज बांधलेली आहे. औद्योगिक विकास महामंडळ बदलापूरजवळ जांभूळ येथे पाणी उचलते, शहाडला ठाणे-भिवंडीच्या बाजूसाठी पाणी उचलले जाते. रेयॉनला पाणी अफाट लागते, म्हणून सेंच्युरी रेयॉन शहाडला आणि एनआरसी मोहन्याला, दोन्ही कारखाने याच नदीच्या आधाराने उभे राहिले. या भागात नाव ही नदीची मुख्य गरज कधीच उरली नाही. उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णी पसरते, आणि त्या हिरव्या थरातून वल्ही मारणे हे कोणत्याही आराखड्याच्या ताकदीबाहेरचे काम आहे.

बंधाऱ्याखाली चित्र पालटते. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीचा तळ गाळाचा आहे. ओहोटीत काठाची होडी पाण्यावर नसतेच, ती चिखलावर टेकलेली असते. तिचा तळ टोकदार असेल तर ती कलंडेल, आणि पुढच्या भरतीला सरळ होण्याआधी तिच्यात पाणी शिरेल. रेती काढणाऱ्या होडीची अडचण वेगळीच. डुबी पद्धतीत माणूस बुडी मारून बादली भरून वर येतो. ती भरलेली बादली काठावरून आत ओतायची तर काठ पाण्यापासून फार उंच असून चालत नाही; पण रेतीने लादलेली होडी आधीच खोल बसलेली असते, म्हणून तो फार सखलही चालत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जी उंची उरते ती काही इंचांची असते, आणि ती कोणी गणिताने काढलेली नाही. ज्या होड्या त्या उंचीच्या नव्हत्या त्या एकतर बुडाल्या किंवा त्यांवर काम करायला माणसे मिळाली नाहीत. दुसरी शक्यता आलँच्या ध्यानात आलेली दिसत नाही. समुद्र होडी बुडवून नापास करतो, तशी माणसाची पाठही होडी नापास करते.

याच कल्याणात एका नव्या आरमाराचा आरंभ झाला. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर लवकरच खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. रुई लैताव व्हिएगस हे त्यांच्यातले मुख्य नाव. 1659 च्या सुमारास वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले. प्रश्न कर्त्याचा असता, तर कर्ता गेल्यावर कार्य थांबायला हवे होते. ते थांबले नाही. बांधणी स्थानिक सुतारांनी चालू ठेवली, आणि पुढे मराठा आरमाराचा कणा ठरलेली गुराब आणि गलबत युरोपीय जहाजांच्या प्रती नव्हत्या. गुराब रुंद व उथळ बुडाची असे, आणि तिच्या नाळेवरून सरळ पुढे मारा करणाऱ्या तोफा हे तिचे वैशिष्ट्य. गलबत लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी उभे राही आणि गलबत वल्हवत त्याच्या मागच्या बाजूला जाई, जिथे त्याच्या तोफा कमी असत. उथळ बूड खाड्यांनी दिले, वल्ही पडत्या वाऱ्याने दिली, पुढच्या तोफा शत्रूच्या जहाजांच्या रचनेने दिल्या. यात पोर्तुगीजांकडून शिकलेले काहीच नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण जे शिकले ते खाडीने गाळून घेतले.

याच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथातली नाव आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकाबांधणीचे एक प्रकरण आहे. राधाकुमुद मुखर्जींनी 1912 मध्ये भारतीय नौकानयनावरील इंग्रजी पुस्तकात त्याची दखल घेतल्यापासून ते अभ्यासकांच्या चर्चेत आहे. त्यात लाकडाच्या चार जाती सांगितल्या आहेत. त्यांपैकी हलके व टणक ते क्षत्रिय लाकूड नावेला उत्तम, आणि दोन जातींची लाकडे एकत्र वापरू नयेत असा दंडक. समुद्रात चुंबकाचे खडक असतात, म्हणून तळाच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असेही सांगितले आहे. काथ्याने शिवलेल्या नावा अरबी समुद्रात खरोखर चालत होत्या आणि त्यांची लवचीकता लाटांत उपयोगी पडे, तेव्हा नियम बरोबर होता. त्यामागचे कारण मात्र चुकीचे होते. कोकणातल्या सुताराला कारण न सांगताही हा नियम पाळता आला असता.

ग्रंथातले आकडे अधिक बोलके आहेत. सामान्य नावांचे दहा प्रकार दिले आहेत: क्षुद्रा 16 हात लांब, 4 रुंद, 4 उंच, मध्यमा 24, 12, 8, भीमा 40, 20, 20, चपला 48, 24, 24, आणि असे वाढत मंथरा 120, 60, 60 पर्यंत. यांतल्या भीमा, भया आणि गर्भरा या अशुभ, कारण त्यांचा तोल राहत नाही, असे सांगितले आहे. पण आकडे शेजारी शेजारी ठेवले की हे कारण टिकत नाही. भीमेची रुंदी व उंची तिच्या लांबीच्या निम्मी. शुभ मानलेल्या चपलेचीही नेमकी तेवढीच. भया 72, 36, 36. गर्भरा 112, 56, 56. या चारही नावांचे प्रमाण एकच आहे. तोल प्रमाणावर अवलंबून असेल, तर एक नाव अशुभ आणि तिच्याच प्रमाणातली दुसरी शुभ, असे होऊ शकत नाही. दीर्घा नावांतही तसेच: दीर्घिका 32 हात लांब व 4 रुंद, वेगिनी 176 लांब व 22 रुंद, सगळ्या आठास एक. तरी लोला, गामिनी आणि प्लाविनी तेवढ्या अशुभ. शुभाशुभ इथे पाण्यावरून ठरलेले नसून संख्येवरून ठरलेले दिसते, जसे वास्तुशास्त्रात आय-व्यय काढून मापाला भागल्यावर बाकी किती उरते ते पाहतात.

देवळाच्या बाबतीत अशी संख्या पाळल्याने काही बिघडत नाही. शहाडचे विठ्ठल-रुक्मिणीचे बिर्ला मंदिर असो की आणखी कुठले, त्याच्या मापातली बाकी शुभ निघाली की अशुभ, याचा निवाडा करायला पाऊस किंवा वारा येत नाही. म्हणून मंदिराचे शास्त्र शतकानुशतके आपल्या आकड्यांवर ठाम राहू शकते. नावेच्या शास्त्राला ती मोकळीक नाही. चाळीस हात लांब, वीस हात रुंद आणि वीस हात उंच नाव ही पाण्यावरची पेटी आहे. कल्याणच्या ओहोटीत ती एका कुशीवर पडेल आणि खलाशांना ती शुभ आहे का हे विचारायची गरज पडणार नाही. शब्दप्रमाण मानणाऱ्या परंपरेने नौकेवर ग्रंथ लिहिला, आणि बहुधा ज्यांनी नावा बांधल्या त्यांनी तो वाचला नाही. दोघांचेही त्यामुळे नुकसान झाले नाही, ही गमतीची गोष्ट आहे.

इंग्लंडमधल्या कालव्यांवरची अरुंद नाव या सगळ्याला उलटा दृष्टांत पुरवते. समुद्र आणि खाडी कोणी आखलेली नाही. कालवा आखलेला असतो. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अठराव्या शतकात मध्य इंग्लंडचे कालवे आखताना, डोंगराखालचे बोगदे आणि पाण्याच्या पातळ्या जोडणारे दरवाजांचे कप्पे शक्य तितके अरुंद ठेवले, कारण रुंद बोगद्याचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. कप्प्यांची ती रुंदी एकदा ठरली आणि पुढची अडीचशे वर्षे नाव सुमारे 7 फूट रुंद आणि फार तर 72 फूट लांब राहिली. पाणी माणसाने ठरवले, म्हणून नाव माणसाने ठरवली, असे इथे म्हणता येते. पण ठरवणारा ब्रिंडली नावा बांधत नव्हता. रेल्वेशी स्पर्धेत भाडे उतरले तेव्हा नावाड्यांची बायकामुले नावेच्या शेपटाकडच्या दहा फुटांच्या खोलीत राहू लागली. चूल, पलंग, कपाट, सगळे त्या 7 फुटांत बसवावे लागले, आणि 1877 मध्ये ब्रिटिश संसदेने अशा नावांच्या नोंदणीचा व तपासणीचा कायदा केला. त्या खोलीच्या रचनेत ब्रिंडलीचाही हात होता, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

माल वाहतूक संपल्यावर या नावा घरे झाल्या, आणि तेव्हापासून कालव्यावर नव्या कल्पनांची चढाओढ लागली. बाहेरून मोठ्या काचा, उंच छत, छपरावर बाग, गोल टोके, नावेच्या मध्यावर सुकाणू. कागदावर यांतली एकही गोष्ट अशक्य नाही. पण उंच छत पुलाच्या कमानीला अडते. मोठी काच कप्प्याच्या दगडी भिंतीला घासते. सुकाणू मध्ये आणले की 70 फुटांच्या नावेचे शेपूट कुठे जाते ते सुकाणूवाल्याला दिसत नाही. त्यापुढच्या अडचणी आराखड्यात काढताच येत नाहीत: शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची, गोडे पाणी किती दिवसांनी मिळेल, हिवाळ्यात कालवा गोठला तर काय. तिथल्या लँगॉलन कालव्यावर हर्ल्स्टन येथे जमिनीच्या दाबाने कप्प्याच्या भिंती आत सरकल्या आणि जुन्या, थोड्या रुंद नावा वर जाणे बंद झाले. अलीकडे तो कप्पा पुन्हा बांधावा लागला. सात फुटांचा नियमही कायमचा नसतो. मातीने तो दोन इंचांनी बदलला तर नावेने काय करायचे, हे कोणत्याही शास्त्रात नसते. नव्या रचनेचा यशस्वी नमुना हवाच असेल तर एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याच्या ‘क्रेसी’ या नावेचा द्यावा. त्याने तिच्या आत स्नानाची सोय केली आणि तिच्यावर राहून 1944 मध्ये कालव्यांवरचे गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले. पण बाहेरचा मालवाहू सांगाडा त्याने बदलला नाही.

इथे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: वस्तू खरी कोणाला कळते, करणाऱ्याला की वापरणाऱ्याला? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात वापरणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. बासरी वाजवणाऱ्यालाच बासरी कशी हवी ते कळते, करणारा त्याचे ऐकून करतो. ॲरिस्टॉटलने सुकाणूचा दाखला दिला: सुताराहून कर्णधाराला त्याची पारख अधिक. न्यायाच्या कर्त्याच्या व्याख्येत मात्र भोक्ता कुठेच नाही. कुंभाराचे ज्ञान मातीचे असते. पाणी भरून आणणारीची कंबर त्यात येत नाही. अनोख्या नावेचा आराखडा काढणारा बहुतेक वेळा या व्याख्येतला कर्ताही नसतो, कारण त्याला उपादानाचे प्रत्यक्ष ज्ञान नसते. त्याला चित्राचे ज्ञान असते.

मग परंपरेने घडलेल्या नावेला कर्ता कोण? याचे सर्वांत जवळचे उत्तर, अनपेक्षितपणे, मीमांसेत सापडते. वेद अपौरुषेय का, तर त्यांचा कर्ता कोणाच्या स्मरणात नाही. आजचा शिष्य आपल्या गुरूकडून ऐकतो, तो त्याच्या गुरूकडून. गलबताच्या नाळेचा बाकही असाच आहे. तो पहिल्यांदा कोणी दिला हे कोणाला ठाऊक नाही. सुतार बापाकडून शिकला, बाप त्याच्या बापाकडून. फरक एवढा, की वेदाच्या पाठात एक स्वर चुकला तर तो दोष असतो, आणि नावेत एक फळी बदलली तर कधी कधी ती सुधारणा ठरते. कुमारिल भट्टांनी जगालाही आरंभ नाकारला. जग कधी असे नव्हते अशी वेळच नव्हती, असे त्यांचे मत. नावेबद्दल तेवढे म्हणता येत नाही. ओंडका पोखरून केलेल्या ‘पगार’ या होडीपासून शीड लावलेल्या मचव्यापर्यंतचा रस्ता दिसतो, फक्त त्यावर कोणाची पावले आहेत ते सांगता येत नाही.

वेदान्ताने दुसरी वाट काढली. ईश्वराला जगाची गरज नाही, मग त्याने ते का केले? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याचे उत्तर लीला असे येते. शंकराचार्यांचे भाष्य तेच पुढे चालवते. ज्याच्या सर्व इच्छा आधीच पूर्ण आहेत त्याची कृती खेळासारखी असू शकते. अनोख्या नावेचा आराखडा हीही लीलाच आहे, पण माणसाची. त्यात अडचण एकच: लीला करणारा त्या नावेत राहत नाही, किंवा राहिला तर पहिल्या हिवाळ्यापर्यंत. ईश्वराच्या खेळाचा भार सोसणारा दुसरा कोणी आहे का, हा प्रश्न शंकराचार्यांनी लगेच पुढच्या सूत्रावर घेतलाच आहे. तिथे ते विषमतेचा दोष जीवांच्या कर्मावर टाकतात. नावेच्या बाबतीत तशी पळवाट नाही.

तरी नव्याला दरवाजा बंद नसतो. कोकणाच्या दक्षिण भागात होडीच्या एका बाजूला बांधलेली उलांडी कोणीतरी पहिल्यांदा सुचवली तेव्हा ती विचित्रच दिसली असणार: अरुंद होडी, एकाच बाजूला लाकडाचा ओंडका. पण लाटांत ती उलटली नाही, म्हणून टिकली. उलट, नव्वदच्या दशकात मुंबई आणि नवी मुंबईच्या दरम्यान हॉवरक्राफ्ट चालवून पाहिली गेली आणि ती टिकली नाही. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा एक हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला हवा भरायच्या रबरी नावा कामी आल्या. त्या ट्रकमधून आणता येतात आणि रुळांवरच्या कमरेएवढ्या पाण्यातही चालतात. उल्हासवर कोणत्याही सुताराने अशी नाव केली नसती. पण ज्या पाण्यासाठी ती होती ते पाणीही क्वचितच येते. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा पट्टा, वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग 53 ठरवला. तिथे कोणती नाव चालेल, हे गाळ, भरतीची वेळ आणि पुलांची उंची यांवर अवलंबून राहील. इंग्लंडच्या कालव्यासारखे इथेही काही पाणी आता माणसांनीच आखलेले आहे.

कर्त्याच्या मूळ प्रश्नात यामुळे काय बदलते? ह्यूम आणि आलँ यांचे म्हणणे मान्य केले तर आकारावरून कर्त्याचे अनुमान कमजोर होते, कारण आकार निवडीतून येतो आणि निवड करायला बुद्धी लागतेच असे नाही. पण निवडीने जे उरते त्याचाच हिशेब लागतो. जे पहिल्यांदा सुचते त्याचा नाही. उलांडी सुचवणाऱ्याला समुद्राने ती सुचवलेली नव्हती. दुसरे असे, की समुद्र चुकीची होडी नेमाने बुडवतो आणि बरोबर असलेली नेमाने तारतो. हा नेम कुठून आला, हा प्रश्न शिल्लक राहतो. चार्वाकपंथीयांनी त्याला स्वभाव म्हटले: पाणी तसेच असते, पुढे विचारण्यासारखे काही नाही. नैयायिक इथे थांबणार नाही. तो वादाची जागा बदलेल, आणि घट व नाव यांच्याऐवजी उदयनाचार्यांच्या यादीतले आणखी एक अनुमान पुढे करेल: जगाला धारण करणारे कोणीतरी आहे म्हणून ते कोसळत नाही. त्या अनुमानाची परीक्षा कोणत्याही खाडीत होत नाही.